खडू, सुतळी आणि टेप : चाळीच्या गॅलरीत मापाने चित्रं पाहिली त्याच्या नोंदी

२५ मार्च २०२०, बुधवार, गुढीपाडवा

गुढी यंदा खिडकीच्या गजाला बांधली. कडुलिंबाचा डहाळा मिळाला, साखरेची गाठी मिळाली नाही. आईंनी (माझ्या सासूबाई) वाटीत साखर ठेवून नैवेद्य दाखवला.

मार्चअखेरीस आठवीच्या मुलांना फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात न्यायचं ठरलं होतं. पंचेचाळीस मुलांची संमतीपत्रं पिशवीत तशीच आहेत. संग्रहालय बंद, शाळा बंद, आजपासून सगळंच बंद. चिपळूणहून चार दिवसांसाठी आलेली पुतणी इथेच अडकली आहे. सातवीत आहे, तिला कंटाळा आला की सगळ्या चाळीला कळतं.

दोनशे पानी जुनी वही काढली. ठरवलं ते असं : रोज किंवा एक दिवसाआड एकच चित्र. निदान वीस मिनिटं नुसतं बघायचं, वाचायचं नाही. बघून झालं की काय दिसलं ते दोघींनी आपापल्या शब्दांत लिहायचं. त्यानंतरच माहिती उघडायची. साधन म्हणजे माझा जुना लॅपटॉप आणि ह्यांचा फोन, तोही ते ड्यूटीवरून आल्यावर. ते वॉर्डात पाणीखात्यात असल्यामुळे रोज जावंच लागतं.

२९ मार्च, रविवार

पहिले तीन दिवस वाया गेले, दोष माझा. गूगल आर्ट्स अँड कल्चर उघडलं आणि हावरटासारखं सगळं दाखवत सुटले. २०११ मध्ये सतरा संग्रहालयांपासून सुरू झालेलं हे काम आता इतकं पसरलंय की आपल्या फोर्टातलं, भायखळ्याचं आणि काळा घोड्याजवळचं आधुनिक कलेचं, तिन्ही संग्रहालयं त्यावर आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तर २०१७ पासून पावणेचार लाख छायाचित्रं कुणालाही वापरायला मोकळी केली आहेत. तासाभरात आम्ही चाळीसएक चित्रं सरकवली. रात्री जेवताना पुतणीला विचारलं, काय आठवतं? म्हणाली, "एक घोडा होता ना?"

घोडा होता की नव्हता, मलाही आठवेना. उद्यापासून एकच चित्र, यात बदल नाही.

३१ मार्च, मंगळवार

फर्मीर या डच चित्रकाराचं दूध ओतणारी बाई, साधारण १६५७-५८ सालचं. मूळ चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. पुतणीने ते निवडलं ते बाईच्या निळ्या एप्रनसाठी.

वीस मिनिटं म्हटली होती, प्रत्यक्षात पन्नास झाली. पुतणीची यादी : पाव, टोपली, खिडकीची एक फुटलेली काच, दुधाची बारीक धार. माझी यादी : डावीकडून येणारा उजेड, बाईच्या हाताचा मनगटापासूनचा रापलेला रंग. बाह्या वर सरकवल्या आहेत, म्हणून वरचा गोरा भाग आणि खालचा उन्हाने तांबूस झालेला भाग यांची हद्द स्पष्ट दिसते. आईंनी चष्मा लावून पाहिलं आणि आम्हा दोघींना न दिसलेलं सांगितलं : "वर भिंतीत खिळा आहे बघ. आणि खाली काढलेल्या खिळ्यांची भोकं."

खरंच आहे. पांढऱ्या रिकाम्या भिंतीत एक खिळा, त्याची इवलीशी सावली आणि आजूबाजूला भोकं. आमच्या भिंतीकडे बघितलं. कॅलेंडरचा खिळा, सासऱ्यांच्या फोटोचा खिळा, मागच्या रंगकामात लांबी न भरलेली भोकं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या डेल्फ्टमध्ये एका माणसाने कुणी टांगलेली आणि काढून नेलेली वस्तू आठवून तिचं भोक रंगवलं. मी शाळेत मुलांना वस्तुचित्रण शिकवते तेव्हा "पार्श्वभूमी सपाट द्या" असं सांगत आले आहे. ते आता बदलायचं, असं वहीत वेगळ्या चौकटीत लिहून ठेवलं.

निळ्या रंगाबद्दल नंतर वाचलं. तो लाजवर्दी दगड कुटून केलेला, दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला. एका मोलकरणीच्या एप्रनला एवढा महाग रंग वापरला याचं आईंना फार बरं वाटलं. त्या स्वतः अकरा वर्षं धुणीभांडी करत होत्या.

२ एप्रिल, गुरुवार

घरातल्या तीन वस्तू घेऊन एखादं गाजलेलं चित्र स्वतः उभं करा, असं आवाहन लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्याकडच्या पाडव्याच्याच दिवशी केलं. मूळ कल्पना नेदरलँड्समधल्या इन्स्टाग्रामवरच्या एका पानाची. आम्हीही केलं. निळी ओढणी, पितळी पातेलं, दुधाचा तांब्या. दूध फुकट घालवायचं नाही म्हणून तांब्यात पाणी.

पुतणीला धार तशीच बारीक ठेवायची होती. अर्ध्या मिनिटात मनगट थरथरायला लागलं, धार कधी जाड तर कधी तुटक. दहाव्यांदा जमली ती तिने डावा तळवा तांब्याच्या बुडाखाली धरल्यावर. मग धावत लॅपटॉपकडे गेली. चित्रातल्या बाईनेही तसंच धरलंय! परवा पन्नास मिनिटं बघूनही हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

५ एप्रिल, रविवार

आज रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर पणत्या लागल्या. त्याआधी संध्याकाळी सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं समई घेतलेल्या बाईचं चित्र काढून बसलो. १९४५-४६ च्या सुमाराचं जलरंगातलं काम, मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. चित्रासाठी उभी राहिली ती त्यांची मुलगी गीता.

तैलरंगात उजेड शेवटी वरून लावता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागद. जिथे उजेड हवा तिथे रंग जाऊ द्यायचा नाही किंवा अगदी पातळ जाऊ द्यायचा, आणि एकदा गडद झालं की परत येता येत नाही. ज्योतीपुढे आडवा धरलेला हात बघा : बोटांच्या कडांतून उजेड आरपार येतो, तांबूस. ती बोटं रंगवताना हळदणकरांनी श्वास रोखला असणार.

नऊ वाजता पुतणीने पणतीसमोर तसाच हात धरला. बोटांच्या कडा लाल झाल्या. खालच्या मजल्यावरून टाळ्या आणि थाळ्या ऐकू येत होत्या, ती मात्र नऊच्या नऊ मिनिटं आपल्या बोटांकडे बघत बसली.

८ एप्रिल, बुधवार

प्रकल्पाची दिशा आज बदलली, आईंच्या एका प्रश्नामुळे.

फर्मीरची बाई परत उघडली होती. आई म्हणाल्या, "पण ही खरी केवढी आहे गं? दारावर लावतात तेवढी?" आणि मी गप्प झाले. कलेच्या इतिहासाचा पेपर दिला तेव्हापासून हे चित्र मला माहीत आहे. पुस्तकात ते पोस्टकार्डाएवढं होतं, शाळेतल्या प्रोजेक्टरवर कपाटाएवढं, आज लॅपटॉपवर वहीएवढं. त्याच्या खऱ्या मापाचा विचार मी कधी केलाच नव्हता. खरं माप ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर.

ह्यांचा मीटर टेप काढला आणि भिंतीवर खडूने चौकट आखली. पुतणी लांबून म्हणाली, "काकू, चित्र उभं आहे, तू आडवं काढलंस." बरोबर होतं तिचं. संग्रहालयात आधी उंची लिहितात, मग रुंदी. मी खोलीचं माप घेताना लांबी आधी बोलायची सवय असलेली बाई, ४५.५ आडवं धरलं. पुसून पुन्हा आखलं.

मध्यम आकाराची पाटी असावी, तेवढंच. आम्ही तिघी त्या रिकाम्या चौकटीसमोर उभ्या राहिलो. एका वेळी एकच माणूस नीट बघू शकेल, आणि तोही दोन हातांवरून. त्यातला खिळा, आईंना दिसलेला, खऱ्या चित्रात अगदी इवलासा असणार.

स्क्रीन सगळं दाखवतो, पण सगळं एकाच मापाचं करून दाखवतो. म्हणून यापुढे प्रत्येक चित्र मापाने आखायचं. साहित्य : खडू, सुतळी, मीटर टेप.

१२ एप्रिल, रविवार

चार दिवसांत आखलेली मापं थोडक्यात.

होकुसाईची मोठी लाट, सुमारे १८३१, लाकडी ठशांचं छापील चित्र : २५.७ बाय ३७.९. वर्तमानपत्र येणं बंद आहे, म्हणून रद्दीतलं घेतलं. अर्धं दुमडलेलं वर्तमानपत्र म्हणजे जवळजवळ तीच लाट. एवढा समुद्र, तीन होड्या, वाकून बसलेले नावाडी, मागे बशीएवढा फुजी पर्वत, आणि हे सगळं मांडीवर मावणारं.

मोनालिसा : ७७ बाय ५३, पॉप्लरच्या फळीवर. आमच्या खिडकीच्या एका झडपेएवढी. शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "एवढीच?"

दालीची वितळलेली घड्याळं, १९३१ : २४ बाय ३३. लाटेपेक्षाही लहान. पुतणीच्या मते ते "भिंतभर" असायला हवं होतं. मलाही तसंच वाटत आलं होतं.

१९ एप्रिल, रविवार

लघुचित्रं. मुलांना जे दाखवायला नेणार होते तेच.

आज उलटंच झालं. चौकटी आखल्या त्या वहीच्या पानाएवढ्या किंवा त्याहून लहान, आणि लक्षात आलं की या चित्रांच्या बाबतीत स्क्रीन मूळ मापाच्या अगदी जवळ जातो. मुघल काय, पहाडी काय, ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. ग्रंथात बांधलेली किंवा सुटी, बासनात गुंडाळलेली. बैठकीत बासन सोडायचं, एकेक पान हातात घ्यायचं, डोळ्यांजवळ न्यायचं, शेजारच्याला द्यायचं. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, काही वेळा टोकाला एखाददुसराच केस. अशा कुंचल्याने काढलेली पापणी हातभर अंतरावरून बघायची असते.

फोर्टातल्या संग्रहालयात लघुचित्रांच्या काचेशी वाकून मी दरवेळी मान दुखवून घेते. आज पुतणी फोन हातात घेऊन गादीवर पालथी पडून एका पानातल्या बागेतली पाखरं मोजत होती. तो फोन तिने मला दिला, मी आईंकडे. बासनातल्या पानांचा प्रवास असाच होत असणार.

याच्याच संदर्भात मुद्दाम नोंदवून ठेवावं असं काही. डच चित्रकार रेम्ब्राँने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मुघल लघुचित्रांवरून सुमारे दोन डझन रेखाटनं केली, आशियातून आलेल्या कागदावर. ती आज जगभर विखुरली आहेत. भारतात तो कधीच आला नाही. ॲमस्टरडॅमच्या घरात बसून, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून आलेली पानं हातात धरून, त्याने शाहजहानच्या पागोट्याचे पेच समजून घेतले. घरबसल्या दुसऱ्या मुलखाची कला बघणं, तीही हातात धरून, इतकं जुनं आहे.

२६ एप्रिल, रविवार

आजच्याच तारखेला, १९३७ साली, गेर्निका नावाच्या बास्क गावावर बाँब पडले. बाजाराचा दिवस होता. पिकासोने मे महिन्यात कॅनव्हास हातात घेतला आणि जूनच्या सुरुवातीला संपवला. माप ३४९.३ बाय ७७६.६ सेंटिमीटर.

खोलीत शक्यच नव्हतं. आमची खोली दहा बाय बारा फूट. चाळ कमिटीच्या काकांना विचारून पहाटे सहाला, कुणी नळावर यायच्या आधी, बाहेरच्या गॅलरीत गेलो. आमच्या दाराच्या कडेपासून टेप धरला. पावणेआठ मीटर म्हणजे आमची खोली संपूर्ण, शेजारच्या वहिनींची संपूर्ण आणि तिसऱ्या खोलीच्या दारापुढेपर्यंत. उंचीसाठी टेप वर नेला तर गॅलरीचं छत अर्धा मीटर आधीच आलं. नंतर वाचलं की पॅरिसमधल्या पिकासोच्या पोटमाळ्यावरच्या कामाच्या जागेतही हा कॅनव्हास सरळ उभा राहत नव्हता, कलता ठेवावा लागला होता.

जमिनीवर खडूने नुसती लांबी आखली आणि कोण कुठे आहे ते लिहिलं. आमच्या दारात बैल आणि मेलेलं बाळ घेतलेली आई. पायाशी पडलेला सैनिक, हातात मोडकी तलवार. वहिनींच्या दारात किंचाळणारा घोडा, वर बल्ब. तिथेच खिडकीतून लांबच लांब हात काढून दिवा धरणारी बाई. तिसऱ्या खोलीशी पेटलेल्या घरातली हात वर केलेली बाई.

फोनवर हे चित्र चौदा सेंटिमीटर रुंद दिसतं, म्हणजे पंचावन्न पटींनी लहान. पुतणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, प्रत्येक नावाशी थांबून. घोड्याशी उभं राहिलं की आई-बाळ डोळ्यांच्या कोपऱ्यात जातात, आगीतली बाई दिसत नाही. सगळं एकदम बघायचं तर मागे जायला हवं, आणि मागे कठडा.

परत येताना दिव्यापाशी थांबली. "काकू, हळदणकरांच्या बाईकडे पण दिवा होता." तिला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं, म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

साडेसातला वहिनींनी दार उघडलं, उंबऱ्याबाहेर "घोडा" असं लिहिलेलं वाचलं आणि काय म्हणून विचारलं. मी दारातूनच सगळं सांगितलं. त्यांचं माहेर किल्लारीजवळचं. १९९३ च्या भूकंपात त्यांचं घर गेलं. त्या बराच वेळ "आई, बाळ" या अक्षरांकडे बघत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी आपल्या दारापुढचा केर काढताना तेवढा पट्टा सोडला होता.

२९ एप्रिल, बुधवार

राजा रविवर्म्याचा जन्मदिवस (१८४८). आज इंटरनेट बंद ठेवलं. आईंच्या देव्हाऱ्यावरची लक्ष्मीची तसबीर खाली घेतली.

ही त्यांच्या सासूबाईंची, मालवणहून आलेली. मागचा पुठ्ठा बारीक चुकांनी ठोकलेला, त्या गंजून लाकडात बसल्या होत्या. चिमट्याने एकेक काढायला पाऊण तास लागला. पुठ्ठ्याला कसर लागलेली, पण चित्र शाबूत. काच उचलली आणि आईंनी पदराने कपाळ पुसलं. साठ वर्षांत त्यांनी तिला काचेशिवाय पाहिलं नव्हतं.

साडीच्या काठावर खऱ्या जरीचे टाके आणि बारीक टिकल्या आहेत, कुणीतरी हाताने शिवलेल्या. काचेआडून ती छपाईच वाटायची. खालच्या समासात काचेच्या पट्टीखाली लपलेली इंग्रजी अक्षरं : रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

मग भिंग. लक्ष्मीचा गाल म्हणजे असंख्य ठिपके, गुलाबी, पिवळट, करडे. हे शिळाछापाचं काम. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचं. दगड ओला केला की शाईचा भाग पाणी धरत नाही, छपाईची शाई धरतो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर त्या रंगाचे ठिपके कारागिराने हाताने दिलेले. दगड एक केसभर सरकला तरी ओठ ओठांच्या बाहेर जातात. आमच्या लक्ष्मीच्या डाव्या बांगडीत लाल किंचित सरकलेलं आहे. ते सापडल्यावर पुतणीला खजिना मिळाल्यासारखं झालं.

छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला तो गिरगावात, आमच्यापासून बसने अर्ध्या तासावर. नंतर लोणावळ्याकडे गेला, पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. कलेच्या इतिहासाच्या वर्गात आम्हाला ही चित्रं "बाजारू" म्हणून दोन ओळींत उरकली होती. मला ते मान्य नाही. मालवणातल्या घरात राजवाड्यातलं तैलचित्र येणं शक्य नव्हतं, हे आलं. शंभरेक वर्षं रोज कुणीतरी त्याच्याकडे बघून हात जोडले. आधी त्या सासूबाईंनी, मग या आईंनी. त्यांनी जेवढा वेळ हे एक चित्र पाहिलंय तेवढा मी कुठलंच पाहिलेलं नाही.

माप ५० बाय ३५. कागदाला नवा पुठ्ठा, मध्ये कोरा पांढरा कागद, जुनीच काच. चुका नव्या.

१५ मे, शुक्रवार

राइक्सम्यूझियमने या आठवड्यात रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'चं (१६४२) नवं छायाचित्र खुलं केलं. ५२८ वेगवेगळे फोटो जोडून केलेलं, ४४.८ गिगापिक्सेल, म्हणजे ४,४८० कोटी ठिपके. रात्री एकनंतर नेट बरं चालतं म्हणून जागलो.

कॅप्टनचा पुढे केलेला हात आणि त्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर. तिथून आत आत जात राहिलो. सोनेरी काठ जवळून बघितला तर काठ नाहीच, रंगाचे जाड गोळे, ढेकळं. आणखी आत गेलं की नुसत्या भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या. एवढं जवळ संग्रहालयातला पहारेकरी कुणालाच जाऊ देणार नाही. हे घरी बसूनच मिळतं.

पण माप? ३७९.५ बाय ४५३.५. संध्याकाळी गच्चीवर गेरूने आखलं. पलीकडे पापड वाळत होते ते आईंनी आवरून घेतले. माणसं जवळजवळ खऱ्या उंचीची असणार, म्हणून पुतणी पिवळ्या झग्यातल्या मुलीच्या जागी उभी राहिली, कमरेला कोंबडी म्हणून पिशवी. मी कॅप्टन. मग कठड्यापर्यंत मागे गेलो तेव्हा कुठे चौकट नजरेत मावली.

चित्र आधी याहून मोठं होतं. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवलं तेव्हा तिथल्या भिंतीवर बसेना, म्हणून चारही बाजूंनी कापलं. सर्वांत जास्त डावीकडून, तिथे उभी असलेली माणसंही त्या पट्ट्याबरोबर गेली. हे ऐकून ह्यांना फार लागलं. लग्नानंतर जिन्यातून वर येईना म्हणून सासऱ्यांचं शिसवी कपाट कापून आणलं होतं, त्याचा अर्धा भाग अजून मोरीशेजारी उभा आहे.

३ जून, बुधवार

निसर्ग वादळ. अलिबागला धडकलं, इथे दिवसभर वारा आणि पाऊस. चिपळूणला फोन लागत नाही, पुतणी गप्प. गच्चीवरची चौकट वाहून गेली. आज चित्र नाही.

२१ जून, रविवार

घारापुरीची महेशमूर्ती. लाँच बंद. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एकाच कातळातून कोरलेली, उंची साधारण साडेपाच मीटर, आणि तीही छातीपासून वर.

सुतळीला टोकाशी अडकित्ता बांधला, ओळंबा म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याच्या तळाशी दुसरं टोक धरून खाली अंगणात सोडली. साडेपाच मीटर म्हणजे अंगणापासून जवळजवळ आमच्या पायांपर्यंत. पुतणी खाली अंतर ठेवून उभी, मान मागे टाकून वर बघत.

पहिल्या मजल्यावरचे काका मूर्तिकार. गणपतीच्या कारखान्यात चाळीस वर्षं गेली त्यांची. ते कठड्याशी आले, सुतळी बघितली, विचारलं. मी लॅपटॉप वरूनच त्यांच्याकडे वळवला. बराच वेळ बघून म्हणाले, "खालचा ओठ बघा किती जाड घेतलाय. खालून बघणाऱ्याला ओठाची खालची बाजू आधी दिसते. आमच्या अठरा फुटीत आम्ही पण डोकं थोडं मोठं घेतो, नाहीतर खालून बारीक दिसतं." मी लेण्यात सहा-सात वेळा गेले आहे, मुलांनाही नेलंय. त्या तीन चेहऱ्यांपैकी मधला शांत, एक उग्र, एक कोमल, एवढंच सांगत आले. ओठाच्या जाडीबद्दल मला आज कळलं, आणि तेही लॉकडाउनमुळे, काका घरी होते म्हणून.

त्याच घारापुरीचा दगडी हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून तुकडे झाले, म्हणून तो मुंबईत राहिला. त्या आवाराचं फाटकही सध्या बंद.

२० ऑगस्ट, गुरुवार

परवा गणपती. सरकारने यंदा सार्वजनिक मूर्ती चार फूट आणि घरातली दोन फूट, अशी मर्यादा घातली आहे. लालबाग-परळमध्ये हे बघायची कुणाला सवयच नाही.

काका एक मूर्ती घरीच पुरी करत आहेत. काल रात्री आखणी होती, म्हणजे डोळे. दारात उभं राहून बघू दिलं. बारीक कुंचला, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवलेली, आणि पापणीची रेघ एका दमात. मध्ये थांबले नाहीत. नंतर म्हणाले, "अठरा फुटात डोळा हातभर असतो, चूक झाली तर लांबून लपते. ह्यात लपायला जागाच नाही. माणूस हातभर अंतरावरून बघणार."

पुतणीने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "लघुचित्र."

६ सप्टेंबर, रविवार

पुतणीचे बाबा मंगळवारी न्यायला येणार. शेवटचं माप तिने निवडायचं होतं. तिने निवडला परळचा शिव.

हे शिल्प पाचव्या-सहाव्या शतकातलं. १९३१ मध्ये परळला रस्त्याचं काम चालू असताना जमिनीत सापडलं, बारादेवीच्या देवळात ठेवलं. फोर्टातल्या संग्रहालयात आहे तो त्याचा प्लॅस्टरचा ठसा. कॉलेजात असताना मी तो ठसा तीन दिवस बसून रेखाटला होता. मूळ शिल्प आमच्या चाळीपासून पायी दहा मिनिटांवर. बावीस वर्षं इथे राहते आणि एकदाही गेलेले नाही. हे वहीत लिहिताना हात जड होतोय, पण लिहायलाच हवं.

उंची साडेतीन मीटरच्या आसपास. मध्ये एकावर एक तीन आकृत्या, खालच्याच्या खांद्यामागून वरची उगवते. त्यांच्या दोन्ही बाजूंनी आणखी चार बाहेर झुकतात, खोडाला फांद्या फुटाव्यात तशा. एकूण सात. पायाशी वाद्यं घेतलेले गण. वरच्या आकृत्या पाहताना आपलीही छाती भरून श्वास आत जातो. रेखाटताना हे जाणवलं होतं, आज पुतणीने न सांगता तेच लिहिलंय : "हे सगळे एकदम श्वास घेतात."

सुतळी मापून, दोन्ही टोकांना गाठ मारून, गुंडाळून पिशवीत टाकली. मास्क लावले. भाजीच्या निमित्ताने बारादेवीच्या बाजूने गेलो. देऊळ बंद, सगळीच देवळं बंद आहेत अजून. दाराबाहेर फुलवालीची रिकामी फळी उलटी करून ठेवलेली.

पुतणीने सुतळीचं एक टोक मला दिलं, दुसरं जमिनीशी धरून बसली. मी भिंतीवर हात पुरेल तेवढा वर नेला, टाचा उचलून. अजून दीड-एक मीटर सुतळी हातात उरली होती. समोरच्या इमारतीचा वॉचमन आला, काय चाललंय म्हणून विचारलं. पुतणीने सांगितलं, आत काय आहे ते, किती जुनं, सात जण, सगळं. तो म्हणाला, रोज इथून जातो, माहीत नव्हतं. मग आत जाऊन शिडी घेऊन आला.